बांधावरून बागेत

गुरुवार, इचिजोजी

ओसाकाच्या योदोयाबाशीहून निघालेली केइहान रेल्वे तासाभरात देमाचियानागीला पोचते आणि तिथेच संपते. जमिनीखालच्या फलाटावरून वर आलं की शेजारीच एइझान रेल्वेचं छोटंसं स्थानक आहे. इथली गाडी बहुतेक वेळा एकाच डब्याची. घरांच्या परसदारांना जवळजवळ खेटून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून ती हिएइ पर्वताच्या दिशेने निघते. उतरताना चालकाशेजारच्या पेटीत पैसे टाकायचे. तिसरं स्थानक इचिजोजी, त्यापुढचं शुगाकुइन. क्योटोच्या ईशान्य कोपऱ्यातली ही दोन उपनगरं बघायला मी बाबांना घेऊन आले होते.

बाबांचा जन्म वेल्ह्याचा, तोरण्याच्या पायथ्याचा. आयुष्यभर भातशेती केली. यंदा तरव्याचं, म्हणजे भाताच्या रोपांचं, काम धाकट्या काकांवर सोपवून ते माझ्याकडे ओसाकाला राहायला आले. उंच इमारती आणि दुकानांची झगमग त्यांनी दोन दिवसांत बघून संपवली आणि म्हणाले, "अगं, इथलं गाव दाखव की एखादं." म्हणून ही जागा निवडली. शहराच्या हद्दीत असूनही मागे डोंगर, मध्ये शेतं, आणि डोंगराच्या कुशीत एकापाठोपाठ एक देवळं आणि बागा.

हंगामही मुद्दाम निवडलेला. क्योटोला नोव्हेंबरात जावं, मेपल लाल होतात, असं सगळेच सांगतात, आणि ते खरंही आहे. पण तेव्हा या अरुंद गल्ल्यांमधून माणसांची रांग चालते. जूनच्या सुरुवातीला मेपलची पानं कोवळी हिरवी असतात, सात्सुकी जातीच्या अझेलिया फुललेल्या असतात, मोठा पाऊस अजून यायचा असतो आणि शेतात लावणी चालू असते. माझ्या मते या भागाचा हाच खरा ऋतू.

स्थानकातून पूर्वेकडे चढत जाणारा रस्ता धरला. पिवळ्या टोप्या घातलेली शाळकरी मुलं, दारापुढच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या आज्जी, एका घराबाहेर दुरुस्तीला काढलेली सायकल. चढावर एका वळणावर दगडी कठड्याच्या आत पाइनचं झाड आणि शेजारी शिलालेख. १६०४ साली मियामोतो मुसाशी या नामांकित तलवारबाजाने योशिओका घराण्याच्या तलवारबाजांशी इथेच लढत दिली, अशी परंपरा आहे. आजचा पाइन त्या वेळचा नाही, नंतर लावलेला आहे. जुन्या झाडाचं खोड थोडं वर असलेल्या हाचिदाइ देवळात जपून ठेवलं आहे. बाबांनी त्या खोडाला लांबूनच हात जोडले.

हाचिदाइला लागूनच शिसेन्दो, एका कवीचं जुनं घर. दार इतकं साधं आहे की एखाद्याच्या वाडीत शिरतोय असं वाटावं. बांबूच्या आडोशातून पायऱ्या चढत जायचं, चपला काढायच्या, आणि आतल्या खोलीत आलं की समोरची भिंतच नाही. तिथे बाग आहे. आधी विंचरलेल्या पांढऱ्या वाळूचा पट्टा, मग गोल छाटलेल्या अझेलियांचे एकामागे एक उंचवटे आणि त्यामागे थेट डोंगरावरची झाडी. बाग कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. फुलं ऐन भरात नव्हती, पण हिरव्या उंचवट्यांवर गुलाबी ठिपके अजून टिकून होते. तातामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या जाड गवती चटयांच्या, कडेला आठ-दहा माणसं बसली होती आणि कुणीही बोलत नव्हतं.

ही जागा १६४१ साली इशिकावा जोझान याने बांधली. हा मूळचा, पुढे जपानचा लष्करी शासक झालेल्या तोकुगावा इएयासुच्या पदरचा सामुराई. १६१५ च्या ओसाकाच्या लढाईत हुकूम नसताना पुढे घुसून लढला, पराक्रम गाजवला, पण शिस्तभंगाचा ठपका आला आणि त्याने तलवार खाली ठेवली. पुढे म्हाताऱ्या आईला सांभाळण्यासाठी हिरोशिमाच्या सरदाराकडे चाकरी केली, आणि आई गेल्यावर क्योटोला येऊन साठीच्या उंबरठ्यावर ही झोपडी उभारली. मग ३१ वर्षं तो इथेच राहिला, कविता लिहिल्या, बाग केली आणि १६७२ साली इथेच वारला. मुख्य खोलीच्या भिंतींवर वरच्या बाजूला ३६ चिनी कवींची चित्रं लावलेली आहेत. ती कानो तान्यूची, म्हणजे त्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या दरबारी चित्रकाराची. त्यांवरच्या कवितांचं हस्ताक्षर जोझानचं. म्हणजे हा माणूस एकटा राहिला खरा, पण आपल्या आवडीच्या कवींचा मेळा त्याने डोक्यावर कायमचा बसवून घेतला होता. मला हे फार आवडलं. निवृत्तीचं इतकं भरगच्च रूप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आम्ही बसलो होतो आणि मध्येच खालून आवाज आला. टॉक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टॉक्. बाबा उठले. बागेत उतरायला वेगळ्या चपला ठेवलेल्या असतात, त्या घालून आम्ही आवाजाच्या मागावर गेलो. एका झऱ्याच्या धारेखाली बांबूचं नळकांडं मध्यावर आडवं टेकवलेलं. त्यात पाणी भरत जातं, भरलं की तोंड खाली कलतं, पाणी सांडतं, आणि हलकं झालेलं नळकांडं मागे पडून त्याचं बूड दगडावर आपटतं. तोच तो आवाज. बाबांनी दोन फेऱ्या नीट पाहिल्या आणि म्हणाले, "हे डुकरांसाठी आहे."

बरोबर होतं त्यांचं. हरणं आणि रानडुकरं पिकात येऊ नयेत म्हणून लावायचं हे शेतकऱ्याचं साधन. शोभेच्या बागेत ते आणण्याचं श्रेय जोझानला देतात. बाबा लहानपणी शेतातल्या माळ्यावर बसून रात्रभर पत्र्याचा डबा बडवत भात राखायचे. "आमच्याकडे माणूस जागायचा, इथे पाणी जागतंय," म्हणाले, आणि पुढची पंधरा मिनिटं तिथून हलले नाहीत. बागेचं सौंदर्य म्हणून मी जे ऐकत होते ते त्यांना राखणीचं काम म्हणून ऐकू येत होतं. इथून पुढे दोन्ही दिवस मी बागा त्यांच्या डोळ्यांनी बघायला लागले, आणि मला वाटतं त्याच डोळ्यांनी त्या बघायला हव्यात.

शिसेन्दोहून थोडं उत्तरेला चाललं की एन्कोजी हे देऊळ. १६०१ साली इएयासुने फुशिमीला हे विद्यापीठ म्हणून काढलं. भिक्षूंबरोबर सामान्य माणसांनाही इथे शिकता येई. १६६७ मध्ये ते या जागी आलं. पुस्तकं छापण्यासाठी वापरलेले लाकडी सुटे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, सुमारे ५०,०००, अजून जपलेले आहेत. जपानमध्ये उरलेले सर्वांत जुने लाकडी खिळे हेच. ज्याने लढाया मारून देश ताब्यात घेतला त्याने त्याच सुमारास छापखाना घातला, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या किल्ल्यांपेक्षा मोठी वाटते.

इथली बाग झेन परंपरेतल्या बैलाच्या कथेवर बेतलेली आहे. हरवलेला बैल शोधायचा, माग काढायचा, वेसण घालायची, घरी आणायचा, आणि शेवटी बैलही विसरायचा, अशा दहा पायऱ्या. शेवाळातल्या एका दगडात बैल दिसतो असं सांगतात. मला तो शोधावा लागला, बाबांना लगेच दिसला. त्याच अंगणात दगडी कुंडाजवळ बांबूची नळी कानाला लावून उभं राहायचं. जमिनीत पुरलेल्या उपड्या रांजणात थेंब पडतात आणि त्यांचा नाद वर येतो, लांबच्या देवळातली बारीक घंटा वाजावी तसा. मागे उंच बांबूचं बन आहे. १८ व्या शतकातला मोठा चित्रकार मारुयामा ओक्यो या देवळात वरचेवर येई, आणि पावसातले, वाऱ्यातले बांबू त्याने घडीच्या पडद्यांवर रंगवले. बनाच्या कडेने टेकडी चढलं की इएयासुचं छोटं स्मृतिस्थान लागतं, आणि तिथून खाली क्योटोचा सगळा उत्तर भाग दिसतो. कौलांची, पत्र्यांची बुटकी छपरं आणि त्यांच्या मधून सरकणारा तोच एका डब्याचा आगगाडीचा ठिपका.

जेवणाचं थोडं सांगते, कारण आपल्याकडच्या शाकाहारी माणसांना ते लागतं. इचिजोजी हे जपानभर रामेनसाठी, म्हणजे शेवयांच्या सूपसाठी, प्रसिद्ध आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती दुकानं आणि दुपारी तरुणांच्या रांगा. पण ते रामेन हाडांच्या रश्शाचं. साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये, भाजीतसुद्धा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. आम्ही घरून मेथीचे ठेपले आणि लसणीची चटणी आणली होती. वाटेत खारवलेल्या प्लमची ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, घेतली, आणि एका बागेत बाकावर बसून जेवलो. नंतर रस्त्यावरच्या गोडाच्या दुकानात लाल चवळीसारख्या आझुकीच्या वड्या घेतल्या. त्या बाबांना पुरणाच्या चुलत भावंडासारख्या लागल्या. खाल्ल्यावर कागद टाकायला कुठेही डबा नसतो. तो पिशवीत घालून घरी न्यायचा.

दुपारी कोन्पुकुजी. हे फार लहान देऊळ, आणि आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय एकच बाई होत्या. पुढे वाळू, मागे अझेलियांचे तीन थर, आणि त्यांच्या डोक्यावर टेकाडावर गवताने शाकारलेली एक झोपडी. थोर हायकूकार बाशो इथल्या भिक्षूला भेटायला येत असे, म्हणून तिला त्याचं नाव. पुढे ती मोडली. १७७६ साली योसा बुसोन आणि त्याच्या मित्रांनी ती पुन्हा उभारली. बुसोन चित्रकारही होता आणि कवीही, आणि बाशोनंतरचा सर्वांत मोठा हायकूकार. त्याची इच्छा होती की आपल्याला याच टेकाडावर ठेवावं. झोपडीमागे चढून गेलं की त्याची समाधी आहे, एक ओबडधोबड उभा दगड. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. शाळेत असताना मी त्यांच्या वाटेने तीन तीन ओळी लिहून वह्या भरत होते. त्या ओळी जिथून सुरू झाल्या त्या मुळाशी उभं राहायला मिळेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. मी तिथे बराच वेळ बसले. बाबा झोपडीचं छप्पर बघत होते. गवत कसं बांधलंय, पागोळ्या कुठे पडतात, असं.

खाली उतरून केइबुन्शा या पुस्तकांच्या दुकानात गेलो. १९७५ साली सुरू झालेलं हे दुकान विटांच्या दर्शनी भिंतीचं, आत मंद दिवे आणि हाताने निवडलेली पुस्तकं. इचिजोजीत विद्यार्थी फार राहतात, त्यांचंच हे घर. बाबांनी जपानी भाज्यांच्या चित्रांचं एक पुस्तक घेतलं, अक्षर न येता. मुक्कामाला देमाचियानागीला परतलो. तिथे कामो आणि ताकानो या नद्यांचा संगम आहे. पात्रात कासवांच्या आकाराचे मोठे दगड टाकलेले आहेत आणि लहानथोर सगळे त्यांवरून उड्या मारत पलीकडे जातात. बाबाही गेले.

शुक्रवार, शुगाकुइन

सकाळी लवकर शुगाकुइनला उतरलो आणि ओढ्याच्या कडेने मान्शुइनकडे चढायला लागलो. इथे घरांच्या मधूनच शेतं सुरू होतात. दोन बंगल्यांमध्ये एक खाचर, त्यात पाणी, आणि पाण्यात समोरच्या घराची खिडकी. रस्त्याच्या कडेला लाकडी फळीवर काकड्या आणि वांगी पिशव्यांत भरून ठेवलेली, शेजारी पत्र्याचा डबा, विकणारं कुणी नाही. १०० येनचं नाणं डब्यात टाकायचं आणि पिशवी उचलायची. बाबांनी वांग्याची पिशवी घेतली, नाणं टाकलं, आणि चार पावलं गेल्यावर परत जाऊन डब्याला कुलूप आहे का ते बघून आले. होतं, पण डबा उचलून नेता आला असता. "कुणी नेत नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नेत नसावं, नाहीतर रोज ठेवला नसता.

मान्शुइन हे राजघराण्यातल्या भिक्षूंचं देऊळ. १६५६ साली राजपुत्र र्योशो याने ते आजच्या जागी आणलं. याच्या वडिलांनी प्रसिद्ध कात्सुराचा उद्यानवाडा सुरू केला आणि भावाने तो पूर्ण केला. त्या घरची नजर इथे प्रत्येक वस्तूत दिसते. सरकत्या दारांच्या खोबणी वेगवेगळ्या आकारांच्या आहेत, खिळे झाकायला फुजी पर्वताच्या आकाराचे रंगीत मीना केलेले तुकडे आहेत. वाळूच्या बागेत कासवाचं बेट आणि करकोच्याचं बेट. करकोचा म्हणजे आडवा पसरलेला, सुमारे ४०० वर्षांचा पाइन. वाळू हे पाणी मानलं की आपण बसलो आहोत तो सज्जा नावेसारखा होतो, आणि कठडाही मुद्दाम बुटका ठेवलेला आहे, नावेच्या काठासारखा.

पण मला सर्वांत जास्त आठवतं ते दाराबाहेरचं. उंच दगडी बांधावर पांढरी भिंत, भिंतीच्या पायाशी हिरव्यागार शेवाळाची पट्टी, वर मेपलचं छप्पर. त्या शेवाळात दोन बायका गुडघ्यावर बसून बोटभर खुरप्याने तण काढत होत्या. डोक्याला फडकी, कमरेला टोपली. तण म्हणजे तरी केवढं, तांदळाच्या दाण्याएवढं पान. तासाभराने आम्ही बाहेर पडलो तेव्हा त्या हातभर पुढे सरकल्या होत्या. या बागांचं कौतुक करताना त्या ज्याने आखल्या त्याचं नाव घेतात. मला वाटतं निम्मं श्रेय या टोपल्यांचं आहे, आणि ते रोज नव्याने द्यायला हवं.

समोरच तळ्यातल्या बेटावर बेन्झाइतेनचं छोटं देऊळ आहे. ही आपली सरस्वती. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला आली, आणि पाण्याजवळ बसायची तिची आवड इथेही टिकली. बाबांनी तिथे पिशवीतली एक ओनिगिरी पुढे ठेवली, हात जोडले, आणि मग प्रसाद म्हणून आम्ही दोघांनी ती अर्धी अर्धी खाल्ली.

तिथून उत्तरेला चालत सेकिझान झेनइन. ८८८ साली स्थापन झालेलं हे तेन्दाइ पंथाचं देऊळ. एन्निन नावाचा भिक्षू चीनला गेला होता. तिथल्या पर्वतदेवाने राखलं म्हणून त्याचं देऊळ बांधायचा त्याने नवस केला, आणि तो पुढे शिष्यांनी फेडला. देऊळ बौद्ध, पण शिरताना शिन्तो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, तोरण. मुख्य देवळाच्या छपरावर तारेच्या जाळीत एक माकड बसलेलं आहे, हातात घंटा आणि कागदी झिरमिळ्यांची काठी. त्याचं तोंड नैर्ऋत्येला, जुन्या राजवाड्याकडे. क्योटोच्या समजुतीप्रमाणे अरिष्ट येतं ते ईशान्येकडून, म्हणून राजवाड्याच्या ईशान्येला हे पहारेकरी. आपल्या घरात ईशान्य कोपरा देवाचा, देवघर तिथे. बाबांना हे पटेना. "मग इथे सगळे देव ईशान्येलाच कसे?" असं त्यांनी विचारलं, आणि विचारल्या विचारल्या स्वतःच हसले. मागे वर हिएइ पर्वतावर ७८८ साली स्थापन झालेलं एन्र्याकुजी हे देऊळ आहे. तेही याच दिशेचं राखण.

या देवळाशी हिएइच्या चालणाऱ्या भिक्षूंचंही नातं आहे. सात वर्षांत मिळून १,००० दिवस डोंगरावर प्रदक्षिणा घालायचं ते व्रत. सहाव्या वर्षी १०० दिवस रोज सुमारे ६० किलोमीटर, डोंगर उतरून या सेकिझानपर्यंत यायचं आणि परत चढायचं. पंढरीची वारी चाललेल्या बाबांनी अंतर ऐकून भिक्षूंच्या पायात काय असतं ते आधी विचारलं. गवताच्या चपला. बाबा गप्प झाले. देवळात होमही होतो. अग्नी पेटवून त्यात समिधा टाकून मंत्र म्हणण्याचा विधी भारतातून चीनला आणि तिथून या भिक्षूंबरोबर इथे आला. आम्ही गेलो तेव्हा होम नव्हता, पण धुराचा वास लाकडांत मुरलेला होता.

दीड वाजता शुगाकुइनचा शाही उद्यानवाडा. आधी आरक्षण करावं लागतं, दारात पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि ठरावीक गटाबरोबरच आत फिरता येतं. पुढे मार्गदर्शक, मागे एक कर्मचारी, कानाला इंग्रजी माहिती सांगणारं यंत्र. सुमारे तीन किलोमीटरची चाल आणि ८० मिनिटं. आम्ही गेलो तेव्हा शुल्क नव्हतं.

हा वाडा सम्राट गो-मिझुनोओ याने १६५५ ते १६५९ च्या दरम्यान उभारला. १६११ साली तो गादीवर आला, पण सत्ता सगळी शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, हातात. १६१५ मध्ये शोगुनशाहीने दरबारासाठी नियम काढले आणि सम्राटाने विद्येत लक्ष घालावं असं त्यात लिहिलं. पुढे सम्राटाने भिक्षूंना दिलेल्या मानाच्या जांभळ्या वस्त्रांच्या परवानग्याही शोगुनशाहीने रद्द केल्या. १६२९ साली सम्राटाने लहानग्या मुलीला गादीवर बसवून पद सोडलं, आणि पुढची ५१ वर्षं तो जगला. १६५९ हे साल ऐकताच बाबा म्हणाले, "म्हणजे प्रतापगडाचं वर्ष." खरंच की. अफझलखानाची भेट झाली त्याच वर्षी इथे एक सत्ता नसलेला राजा डोंगरउतारावर झाडं लावून घेत होता. आणि १६८० साली, ज्या वर्षी महाराज गेले, त्याच वर्षी तोही गेला.

वाडा तीन भागांत आहे, खालचा, मधला आणि वरचा. खालचा लवकर बघून झाला. त्याच्या मागच्या दारातून बाहेर पडलो आणि बाबा थांबले. समोर वाडा नव्हता, शेतं होती. डोंगरापर्यंत पायऱ्या पायऱ्यांनी चढत गेलेली भातखाचरं, दगडी बांध, पाटाचं पाणी, आणि त्यांच्या मधून बुटक्या पाइनांच्या दोन रांगांतली वाट. तिन्ही भाग या शेतांनीच जोडलेले आहेत. ही शेतं बागेचा भाग म्हणून पहिल्यापासून धरलेली. १९६४ साली मधल्या सुमारे ८ हेक्टर जमिनीवर कधी घरं उठू नयेत म्हणून सरकारने ती विकत घेतली, आणि कसायला मात्र आसपासच्या शेतकऱ्यांकडेच ठेवली.

एका खाचरात लावणी झालेली होती, शेजारच्यात चालू होती. छोटं यंत्र सरळ ओळी टाकत जात होतं आणि वळणावर जिथे ते पोचत नाही तिथे एक आजोबा वाकून हाताने चूड लावत होते. बाबा गटातून मागे पडले. मागच्या कर्मचाऱ्याने घाई केली नाही, तोही थांबला. बाबांनी मला विचारायला लावलं की रोप किती दिवसांचं आहे, आणि कर्मचाऱ्याने हसून सांगितलं की ते त्या आजोबांनाच ठाऊक. "रोप आखूड आहे," बाबा म्हणाले, "आपण एवढं आखूड लावत नाही. पण पाणी बघ कसं समपातळीत ठेवलंय. हा बांध घातलेला माणूस शहाणा होता." राजाच्या बागेत येऊन त्यांनी पहिली दाद दिली ती बांधाला.

मधल्या भागात राजकन्येसाठी बांधलेलं घर आहे आणि तिथल्या एका देवदारी दारावर मोठे मासे रंगवलेले आहेत, जाळ्यात. मासे रात्री चित्रातून निघून तळ्यात जात म्हणून नंतर कुणीतरी वर जाळं रंगवलं अशी दंतकथा आहे, आणि ते जाळं ओक्योचं म्हणतात. जाळ्याला एक-दोन भोकंही आहेत. शेजारच्या भिंतीवर धुक्याच्या पट्ट्यांसारख्या, वेगवेगळ्या उंचीवर तरंगणाऱ्या पाच फळ्या. जपानमधल्या तीन सर्वोत्तम फळ्यांत त्यांची गणना होते.

वरच्या भागाचं दार ओलांडलं की वाट अचानक बंद होते. दोन्हीकडे डोक्यापेक्षा उंच छाटलेलं कुंपण आणि दगडी पायऱ्या. काहीच दिसत नाही, फक्त चढत राहायचं. आणि शेवटच्या पायरीवर वळलं की सगळं एकदम उघडतं. पायाखाली बेटांचं तळं, तळ्यापलीकडे क्योटो, आणि त्यापलीकडे निळ्या डोंगरांच्या रांगांवर रांगा. गटातल्या सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. वरची झोपडी, रिन्उनतेइ, अगदी साधी आहे. चित्र नाही, नक्षी नाही. फक्त ओट्याच्या गिलाव्यात लाल-काळे खडे बसवलेले, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. जिथे समोर हे सगळं आहे तिथे आत काही ठेवायचं नाही, हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

तळं नैसर्गिक नाही. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी अडवून, सुमारे २०० मीटर लांबीचा मोठा बंधारा घालून ते केलेलं आहे. बंधाऱ्याला दगडी भिंतींचे थर आहेत, पण ते दिसत नाहीत. त्यांच्यावर अनेक जातींची झुडपं एकत्र वाढवून, ती एकजीव छाटून, सगळा बंधारा झाकून टाकलेला आहे. खालून शेतांमधून पाहिलं तर ती हिरवी टेकडीच वाटते. हे मला मार्गदर्शकाने सांगितलं. बाबांना ते आधीच कळलं होतं. तळ्याच्या काठाने त्या हिरव्या कुंपणावरून चालताना त्यांनी पाय आपटून बघितला आणि म्हणाले, "हे धरण आहे. एवढी उंची, आणि एक टिपूस झिरपत नाही." मग परत उतरताना त्यांनी खालच्या खाचरांकडे बोट दाखवून मला सगळं समजावलं. डोंगराचं पाणी कुठे अडवलं, कुठे फिरवलं, उतार कसा मोडला, माती कशी धरली. त्यांच्या तोंडून ऐकताना शेत आणि बाग यांत काही फरकच उरला नाही. दोन्हीकडे तेच पाणी, तोच उतार, तीच माती आणि तीच छाटणी.

जाणाऱ्यांसाठी थोडं. उद्यानवाडा सोमवारी बंद असतो. इंटरनेटवरून आरक्षण सुमारे तीन महिने आधीपासून करता येतं, आणि जागा उरल्या तर दुपारच्या फेऱ्यांसाठी त्याच दिवशी सकाळी ११ पासून दारात मिळतात. चढ आणि खडी आहे, तेव्हा पायात चांगले बूट हवेत. देवळांत ते सतत काढायचे असल्याने बिननाडीचे बरे. एकच दिवस हाती असेल तर सकाळी शिसेन्दो, मग मान्शुइन, आणि दुपारी उद्यानवाडा करावा. एन्कोजी आणि सेकिझान सोडवत नाहीत, पण घाईघाईने बघण्यापेक्षा ते पुढच्या खेपेला ठेवावेत.

बाबांचं पुढच्या खेपेचं ठरलं आहे. इथली कापणी आपल्या कापणीच्या आधी येते, आपली दिवाळीच्या आसपास. त्यामुळे दोन्ही साधता येतील असा त्यांचा हिशेब आहे, आणि त्या खाचरातल्या आजोबांना विचारायचे प्रश्न त्यांनी भाज्यांच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहून मला जपानीत करायला दिले आहेत.